किशोरवयीन मुलीचे पॅनिक अटॅक: पालकांनी काय करावे आणि काय करणे थांबवावे

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत तिला अनेकदा अचानक धाप लागते, छाती धडधडते, हातपाय थरथरतात आणि "मी आता मरणार" असे ती म्हणते. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या, सर्व व्यवस्थित आहे. हे पॅनिक अटॅक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आता ती शाळेत जायला तयार होत नाही. गेली तरी दिवसातून चार-पाच वेळा फोन करते आणि बहुतेक वेळा मी तिला घ्यायला जाते. घरात कोणी म्हणते तिला जपा, कोणी म्हणते ही नाटके खपवून घेऊ नका. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर: आपल्या घरात जे दोन पक्ष पडले आहेत, ते मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबात भेटतात. "तिला जपा" म्हणणाऱ्यांचे निदान बरोबर असते, पण उपाय चुकतो. "नाटके खपवून घेऊ नका" म्हणणाऱ्यांचे निदान साफ चुकीचे असते. मात्र मुलीने शाळेत गेले पाहिजे हा त्यांचा आग्रह, रीत बदलली तर, उपचाराच्या बराच जवळ जातो. मुलीचा त्रास पूर्णपणे खरा मानायचा आणि तरीही तो टळावा म्हणून साऱ्या घराचा दिनक्रम वाकवायचा नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळणे हे या आजारातले पालकांचे मुख्य काम आहे. ते कठीण आहे, कारण आईबापांची सहजप्रवृत्ती नेमकी उलट दिशेने ओढते.

प्रथम अटॅकमध्ये शरीरात काय घडते ते पाहू, कारण ते नीट समजले की पुढचे निर्णय घेणे सोपे जाते. धोका जाणवताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, असे वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1915 साली मांडले. अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, मोठ्या स्नायूंकडे रक्त वळते आणि त्वचा व पोट यांच्या वाट्याचे कमी होते. म्हणून हात गार पडतात आणि पोटात ढवळते. श्वासही जलद होतो. प्रत्यक्षात पळायचे कुठेच नसल्यामुळे शरीरात जितका कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याहून अधिक बाहेर टाकला जातो. रक्तातले त्याचे प्रमाण घटले की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, डोके हलके होते, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, भोवतालचे सगळे दूरचे आणि खोटे वाटू लागते. श्वास पुरत नाही असे वाटून मुलगी आणखी जोराने श्वास घेते आणि हीच लक्षणे बळावतात. साप साप म्हणून भुई धोपटावी तसे हे असते: साप नसतो, पण धोपटण्याचे श्रम शरीराला पुरेपूर पडतात.

ही लाट काही मिनिटांत, बहुधा दहा मिनिटांच्या आत, शिखरावर पोहोचते आणि मग कोणी काही केले किंवा न केले तरी ओसरू लागते. मागे थकवा आणि रडवेलेपणा उरतो. चक्कर येऊन कोसळण्याची भीती अनेक मुलांना वाटते. परंतु अटॅकमध्ये रक्तदाब सहसा खाली जात नाही, उलट वाढतो, त्यामुळे शुद्ध हरपणे विरळच. (रक्त किंवा सुई पाहून ज्यांना घेरी येते त्यांची गोष्ट निराळी, तिथे रक्तदाब खरोखर उतरतो.) ही माहिती मुलीला द्यावी, पण ती शांत असताना आणि एकदाच, सविस्तर.

एखादा पॅनिक अटॅक कित्येकांना आयुष्यात कधीतरी येऊन जातो आणि तेवढ्याला कोणी आजार म्हणत नाही. अटॅक अनपेक्षितपणे पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि पुढचा अटॅक येईल या धास्तीत महिना किंवा त्याहून अधिक काळ गेला, अथवा त्या धास्तीपायी माणसाचे वागणे बदलले, की पॅनिक डिसऑर्डरचा विचार करावा लागतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1986 साली या आजाराचे जे चक्र मांडले, ते आजही उपचारांच्या मुळाशी आहे: जिना चढल्यावर वाढलेले ठोके किंवा उकाड्याने आलेली घेरी यांसारख्या साध्या संवेदनेचा अर्थ "हे जिवावरचे संकट आहे" असा लावला जातो, त्या अर्थाने भीती उसळते आणि भीतीमुळे तीच संवेदना दुप्पट होते. आपली मुलगी आता शाळेला घाबरते असे दिसत असले, तरी बहुधा ती शाळेत अटॅक येण्याला घाबरते. किशोरवयात या भीतीला आणखी एक पदर असतो. मरणाच्या भीतीपेक्षा "सगळ्या वर्गासमोर माझे असे झाले तर" ही लाज पुष्कळदा मोठी असते आणि मुले ती आपणहून सांगत नाहीत. म्हणून तिला एकदा शांतपणे विचारा की अटॅक आला तर सर्वांत वाईट काय होईल असे तुला वाटते. उत्तर ऐकून घ्या, लगेच खोडून काढू नका.

आता प्रत्यक्ष अटॅक चालू असताना काय करायचे ते पाहू. त्या वेळी समजावणे, कारणे विचारणे, तर्क लढवणे यांचा उपयोग नसतो. "शांत हो" ही आज्ञा पाळणे तिच्या हातात नसते आणि "काही झालेले नाही" या वाक्यातून तिला एवढेच ऐकू येते की माझ्यावर यांचा विश्वास नाही. तिच्या शेजारी बसा, आवाज खाली आणि गती सावकाश ठेवा, थोडेच बोला. "पॅनिक आलाय. मी इथेच आहे. वर जाईल आणि उतरेल," इतके पुरते. स्पर्श करावा का, हे आधी कधीतरी विचारून ठेवलेले बरे. काही मुलांना हात धरलेला हवा असतो, काहींना त्याने आणखी कोंडल्यासारखे होते. "दीर्घ श्वास घे" हा सर्वांत प्रचलित सल्ला येथे सर्वांत गैरसोयीचा ठरतो, कारण ती आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत घेत असते. सांगायचेच असेल तर श्वास सावकाश सोडायला सांगा: नाकाने नेहमीइतकाच आत, आणि ओठ अर्धवट मिटून त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय मात्र करू नका. धाप दम्याची किंवा हृदयाची असेल तर त्याने प्राणवायू धोकादायक प्रमाणात कमी होऊ शकतो.

श्वासाच्या व्यायामांबाबत माझे मत थोडे वेगळे आहे, ते सांगून ठेवतो. सावकाश श्वासाने आराम पडतो यात शंका नाही, पण "मी तो व्यायाम केला म्हणून वाचले" असे मुलीच्या मनाने घेतले, तर काही आठवड्यांत तो व्यायामच एक कुबडी होतो. सतत जवळ ठेवलेली पाण्याची बाटली, बसण्यासाठी ठरलेली दाराजवळची जागा, हातातून न सुटणारा मोबाइल यांचेही असेच होते. अटॅक थांबवण्याची धडपड जितकी कमी, तितका तो लवकर उतरतो. "येऊ दे, मला हा ओळखीचा आहे," इथपर्यंत मुलगी पोहोचली की आजाराचा कणा मोडलेला असतो. ते एका दिवसात होत नाही.

खरा प्रश्न दोन अटॅकच्या मधल्या दिवसांचा आहे. आपण लिहिले आहे की तिचा फोन आला की आपण घ्यायला जाता. तो प्रसंग मुलीच्या मेंदूच्या बाजूने पाहा. वर्गात धडधड सुरू होते, ती फोन करते, अर्ध्या तासात आई येते, शाळेच्या फाटकाबाहेर पडताच श्वास मोकळा होतो आणि घरी पोहोचेपर्यंत ती हसूनही बोलते. हे पाहून घरातील काहींना नाटकाचा संशय येतो. प्रत्यक्षात सुटकेमुळे मिळालेला तो आराम अस्सल असतो आणि अडचण तिथेच आहे. लाट आपोआपच ओसरणार होती हे अनुभवण्याची संधी तिला मिळाली नाही. शाळा सोडली म्हणून मी वाचले, एवढाच धडा पक्का झाला. पुढच्या वेळी धडधड थोडी लवकर सुरू होते आणि फोनही थोडा लवकर येतो.

घरातल्या माणसांनी मुलाच्या चिंतेशी असे जुळवून घेण्यावर येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी पुष्कळ काम केले आहे. त्यांच्या पद्धतीत समुपदेशनाला फक्त पालक येतात, मूल येतच नाही, आणि पालकांनी स्वतःचे वागणे पायरीपायरीने बदलायचे असते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, चिंताविकार असलेल्या 7 ते 14 वयोगटातील 124 मुलांच्या अभ्यासात ही पद्धत मुलांना थेट दिलेल्या कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीच्या (विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या) तोडीस तोड ठरली. आपली मुलगी त्या गटापेक्षा थोडी मोठी आहे आणि पंधराव्या वर्षी तिचा स्वतःचा सहभाग मला आवश्यकच वाटतो. तरीही पालकांच्या वागण्यात किती बळ असते हे यावरून कळावे.

जुळवून घेण्याचे प्रकार ठळक असतातच असे नाही. दर तासाला "बरी आहेस ना?" विचारणे, ती येणार असेल तर गर्दीच्या ठिकाणचा बेत रद्द करणे, दुकानदाराशी किंवा शिक्षकांशी तिच्या वतीने बोलणे, रात्री तिच्या खोलीत झोपणे, "मला काही होणार नाही ना?" या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा "नाही गं" म्हणणे, हे सर्व त्यातच मोडते. आपण उभयतांनी बसून अशा गोष्टी कागदावर लिहून काढा. त्यांतली एकच निवडा, शक्यतो रोज घडणारी आणि पूर्णपणे आपल्या हातात असलेली. सर्व एकदम काढून घेतल्या तर मुलगी एकटी पडते आणि दोन दिवसांत सगळे पूर्ववत होते.

निवडलेला बदल तिला आधी सांगायचा असतो, अटॅकच्या भरात कधीच नाही. सांगताना दोन गोष्टी एका दमात याव्यात: तुझा त्रास आम्हाला कळतो, आणि तो तू सोसू शकतेस याची आम्हाला खात्री आहे. उदाहरणार्थ, "धडधड सुरू झाली की तुला किती भीती वाटते ते मी पाहिलंय, ते सोपं नाही. आणि तू त्यातून पार पडतेस हेही मी पाहिलंय. म्हणून यापुढे 'काही होणार नाही ना' असं तू विचारलंस तर मी एकदाच उत्तर देईन. पुन्हा विचारलंस तर तुझ्याजवळ बसेन, पण उत्तर देणार नाही." यात तिने काय करावे याबद्दल एक शब्दही नाही. आपण काय करणार एवढेच आपल्या हातात असते आणि तेवढेच सांगावे. पहिले काही दिवस रडणे, चिडणे, "तुम्हाला माझी पर्वाच नाही" असे म्हणणे वाढेल, हे गृहीत धरून चाला. या दिवसांत आईने एक आणि वडिलांनी दुसरे करू नये. आजी-आजोबांनाही आधी विश्वासात घ्यावे, कारण घरातले एक माणूस जरी फुटले तरी मुलगी त्याच्याकडे धाव घेते आणि मग दोष सगळे त्यालाच देतात.

शाळेबाबत घाई आणि दिरंगाई या दोन्हींनी नुकसान होते. घरी काढलेला प्रत्येक आठवडा परतणे अवघड करतो, त्यामुळे "पूर्ण बरी झाली की पाठवू" हा विचार सोडून द्या. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा: शाळेत कोणी छळते का, एखादा विषय मुळीच समजत नाही का, कोणा मोठ्या माणसाचे वागणे खटकते का. तसे काही असेल तर ते दूर करणे हे पहिले काम, कारण खऱ्या धोक्याची सवय करून घ्यायची नसते. तसे नसेल तर परतण्याच्या पायऱ्या ठरवा आणि त्या मुलीला स्वतः ठरवू द्या. प्रथम दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग एखादा टाळलेला तास, असा क्रम असू शकतो. वर्गशिक्षकांशी बोलून एक व्यवस्था करून घ्या: अटॅक आला तर ठरलेल्या एका शिक्षकाकडे किंवा समुपदेशकाकडे दहा मिनिटे जाऊन बसायचे आणि पुन्हा वर्गात यायचे. तिथून घरी जाण्याची वाट नसावी.

प्रत्येक पायरीआधी तिने वहीत आपले भाकीत लिहावे आणि संध्याकाळी काय झाले ते त्याच्यासमोर. एका मुलीच्या वहीत डावीकडे होते, "गणिताच्या तासाला मी कोसळेन, सगळे हसतील," आणि उजवीकडे, "ठोके खूप वाढले, तळव्यांना घाम आला, कोसळले नाही. शेजारच्या मुलीने पट्टी मागितली." त्या पट्टीच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ बोललो, कारण आपले हाल सगळ्यांना दिसतात ही तिची समजूत तिथे पहिल्यांदा डळमळली.

हे सर्व घरी करता येते, तरी आपल्या मुलीने शाळा टाळायला सुरुवात केली असल्यामुळे मी तज्ज्ञांच्या मदतीचा आग्रह धरीन. पॅनिकसाठी कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी, हा पहिला उपचार आहे. नुसते मन मोकळे करण्याने या आजारात फारसे भागत नाही. चिकित्सक मुलीला एका जागी धावायला लावून, खुर्चीत गरगर फिरवून किंवा बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावून धडधड, घेरी आणि कोंडल्याची भावना मुद्दाम निर्माण करतो आणि ती संवेदना निरुपद्रवी असल्याचा अनुभव तिला पुन्हा पुन्हा घेऊ देतो. पालकांना हे ऐकून धक्का बसतो, पण माझ्या मते या उपचाराचा गाभा तोच आहे. दमा, हृदयविकार, फिट्स असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या संमतीशिवाय यातले काही करू नये. चिकित्सक निवडताना थेट विचारा की भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरे जाण्याचा सराव आपण करून घेता का. उत्तर मोघम आले तर दुसरा चिकित्सक पाहा.

औषधांबाबत घाबरून जाण्याचेही कारण नाही आणि ती हलक्यात घेण्याचेही नाही. 7 ते 17 वर्षांच्या 488 मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर सीबीटी घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के, सर्ट्रालिन हे औषध घेणाऱ्यांपैकी 55 टक्के, दोन्ही घेणाऱ्यांपैकी 81 टक्के, तर औषधाचा आभास देणारी गोळी घेणाऱ्यांपैकी 24 टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा दिसली. ती मुले सर्वसाधारण चिंता, सामाजिक भीती आणि जवळच्या माणसांपासून दूर होण्याची चिंता असलेली होती, निव्वळ पॅनिकची नव्हती. तरी दिशा कळते. अशा औषधांचा पूर्ण परिणाम यायला कित्येक आठवडे लागतात. किशोरवयीनांमध्ये त्यांच्यामुळे आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 पासून बंधनकारक केली आहे. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना बारीक लक्ष ठेवावे, आणि औषध स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. पटकन शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या सवय लावतात आणि लाट आपोआप उतरते हा धडाच पुसून टाकतात, त्यामुळे या वयात मी त्या शक्यतो देत नाही.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. थायरॉईडचा विकार, दमा, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, दम्याच्या इन्हेलरमधील सालब्युटामॉल आणि एनर्जी ड्रिंकमधील कॅफिन यांनी पॅनिकसारखीच लक्षणे दिसू शकतात. हे एकदा पाहून झाले की पुन्हा पुन्हा ईसीजी काढणे म्हणजे "नाही गं, काही होणार नाही" याचीच महागडी आवृत्ती होय. अपवाद आहेत: खेळताना किंवा धावताना शुद्ध हरपली, अथवा जवळच्या नात्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्यात विलंब नको. झोपेचेही तेवढेच सांगतो: 13 ते 18 वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोपेची गरज असते आणि रात्री पुरेशी न झोपलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोणतीही पायरी उंचच वाटते.

चिंतेच्या जोडीला नैराश्य असू शकते. ती पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन काढून घेत असेल, खाणे-झोपणे बदलले असेल, अंगावर जखमा दिसत असतील किंवा "मी नसते तर बरे" असे बोलत असेल, तर तिला सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल तर तिला एकटे सोडू नका, घरातील औषधे आणि धारदार वस्तू तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात दाखवा.

तसे काही नसेल, तर येत्या आठवड्यापासून फोनचा नियम बदला, कारण आपल्या पत्रातली तीच सर्वांत ठळक सवय आहे. सुट्टीच्या दिवशी तिला सांगा की पहिल्या आठवड्यात शाळेतून दिवसाला दोन फोन मी घेईन, पुढच्या आठवड्यात एक, त्यानंतर तातडीचे कारण असेल तर शाळा मला कळवील. तातडी म्हणजे काय, हे वर्गशिक्षकांसमवेत आधी ठरवा: पडून लागणे, ताप, शुद्ध हरपणे. पॅनिक त्यात येत नाही. फोनवर तोडगा सुचवू नका, "आत्ता किती आहे, दहापैकी?" इतके विचारा, "बरं, ठरलंय त्याप्रमाणे मॅडमकडे दहा मिनिटं बस, संध्याकाळी वही बघू," असे सांगा आणि फोन ठेवा. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे आपल्याला जड जातील. तेवढ्यात शाळेकडे निघू नये म्हणून त्या वेळेत दुसऱ्या कोणाशी तरी बोलण्याची सोय करून ठेवा. मुलीच्या वडिलांनी हे काम आपल्याकडे घेतले तर उत्तमच.